रंग उतरवताना

गेल्या वर्षीची गोष्ट. महाशिवरात्रीचे दिवस होते. तंजावूरच्या मोठ्या देवळातला नाट्यांजलीचा कार्यक्रम आटोपून ती घरी परतली, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. राजवाड्याच्या परिसरातली ती अरुंद गल्ली सामसूम झाली होती. आजी मात्र दारातच बसून होती. मीठ-मोहऱ्या ओवाळून तिने नातीची दृष्ट काढली. शेजारच्या मामींनी खिडकीतूनच सांगितले, "काय गं दिसतेस! अगदी देवळातली मूर्ती!"

ती हसली, आत गेली. पायातले घुंगरू सोडले, वेणीतली फुले काढली आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिली. तिथे मात्र तिचे हसू मावळले.

आता चेहऱ्यावरचा रंग उतरवायचा होता आणि रंगाखाली काय आहे, हे तिला पुरेपूर ठाऊक होते.

कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर बारीक पुरळ होते. काही ठिकाणी लाल फोड, काही ठिकाणी काळपट डाग. वर्षभरात कार्यक्रम वाढले तसे तेही वाढत गेले. ते झाकायला मेकअपचा थर जाड झाला आणि थर जाड झाला म्हणून तो काढायला जोर जास्त लागू लागला. साबण लावून, घासणी फिरवून ती चेहरा लालेलाल होईपर्यंत घासायची. तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर काजळाचा आणि पॅनकेकचा डाग उमटलेलाच असे. त्या रात्री तर अंगात त्राणच नव्हते. चेहऱ्यावर नुसते पाणी मारून ती झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आईला सांगितले, "अम्मा, पुढच्या महिन्यापासून मी क्लासला जाणार नाही."

आईला वाटले, बारावीचे वर्ष, अभ्यासाचा ताण असेल. पण आजीने नातीकडे नीट पाहिले. मुलगी हल्ली बोलताना मान खाली घालते, एक हात सतत गालावर ठेवते, लग्नाकार्यात फोटोच्या वेळी मागे सरकते, हे तिच्या लक्षात आले होते. मुलीचे पाय थकले नव्हते. तिला चेहऱ्याची लाज वाटत होती.

हे घर मराठी. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावूरच्या गादीवर बसले आणि त्यानंतर जी कुटुंबे इथे आली, त्यांतलेच हे एक. 1855 मध्ये राज्य खालसा झाले, पण माणसे इथेच राहिली. घरात बोलली जाते ती मराठी जुन्या वळणाची, अर्धे शब्द तमिळ. नात आईला 'अम्मा' म्हणते, आजीला मात्र 'आजी'च.

आणि नृत्य म्हणाल, तर ते या परिसराच्या मातीतच आहे. दुसरे सरफोजी राजे 1798 ते 1832 या काळात इथे राज्य करीत होते. त्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा भरतनाट्यमचा क्रम आज जसा सादर होतो, त्याला आकार देण्याचे श्रेय या भावांना दिले जाते. सरफोजीराजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या.

पण आजीच्या लहानपणी याच गल्लीत चांगल्या घरच्या मुलीने पायात घुंगरू बांधणे कुणाला खपत नसे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1935 मध्ये मद्रासला रंगमंचावर नृत्य केले, 1936 मध्ये कलाक्षेत्र स्थापन केले आणि हळूहळू भरतनाट्यमकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तो बदल आजीच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागला. बंगारू कामाक्षीच्या देवळात जाताना वाटेत कुठे नृत्याचा वर्ग चाललेला असला, की लाकडी पट्टीवर आपटणाऱ्या काठीचा ताल ऐकत ती क्षणभर रेंगाळायची. आईने हात ओढला की निघायचे, एवढेच तिच्या वाट्याला आलेले नृत्य.

म्हणूनच नातीने "मी सोडते" म्हटले, तेव्हा आजीच्या काळजात धस्स झाले. जे आपल्याला मिळाले नाही ते नातीला मिळाले होते, आणि ते असे चार फोडांपायी सुटणार होते.

तिने आपल्या परीने उपाय केला. "साबण कशाला? खोबरेल लाव. केरळात कथकलीवाले चेहऱ्याचे रंग खोबरेलातच खलतात आणि खोबरेलानेच उतरवतात."

आजीचे म्हणणे खोटे नव्हते. खोबरेल चोळून मऊ धुवट पंचाने पुसल्याबरोबर पॅनकेक, लाली, काजळ सगळे निघून आले. साबणाने घासून जे होत नव्हते ते दोन मिनिटांत झाले. आजी खूश झाली. पण तेल चेहऱ्यावर तसेच ठेवून झोपण्याचा परिपाठ सुरू झाला आणि तीन आठवड्यांत कपाळावरचे पुरळ दुप्पट झाले.

आता आईचा संयम सुटला. "तुमच्या तेलानंच हे झालं," ती सासूबाईंना म्हणाली. मग तिने दुकानातून एक महागडा फेसवॉश आणला. त्याने चेहरा इतका ओढल्यासारखा कोरडा झाला, की हसले तरी कातडी ताणली जाई. काजळ मात्र जिथल्या तिथे. मग पुसायचे ओले कागदी रुमाल आले. त्यांनी रंग निघण्यापेक्षा पसरायचाच जास्त, आणि डोळ्यांभोवती चोळून चोळून आग व्हायला लागली. कुणीतरी लिंबाचा रस सांगितला, कुणी खाण्याचा सोडा. न्हाणीघराच्या फळीवर बाटल्यांची रांग लागली, पैसा गेला आणि मुलगी आणखी गप्प झाली.

शेवटी नृत्याच्या टीचरनीच आईला सांगितले, "बाटल्या बदलणं पुरे करा. आधी डॉक्टरांना दाखवा."

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चेहरा पाहिला आणि औषधाचे नाव लिहिण्याआधी मुलीला प्रश्न विचारले. कार्यक्रमाला मेकअप कोण करतो? तोच स्पंज सगळ्या मुलींना वापरतात का? रंग किती तास राहतो? आणि उतरवतेस कशानं? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना त्या थांबल्या.

"फणस चिरताना हाताला चीक लागतो, तो साध्या पाण्यानं निघतो का?"

"नाही," आईच म्हणाली. "तेल लावावं लागतं."

"मग हेही तसंच आहे."

रंगमंचाचा मेकअप घामाने ओघळू नये म्हणूनच बनवलेला असतो. त्यात तेल, मेण आणि रंगाची बारीक पूड असते. तेल-मेणाचा थर पाण्याला दाद देत नाही. तो तेलातच विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्याने किंवा हलक्या फेसवॉशने तो पुरता निघत नाही आणि मग माणूस जोर लावतो. जोराने मेकअप कमी निघतो, कातडी जास्त सोलवटते. साध्या अंगाच्या साबणाचे आणखी एक दुखणे आहे. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो, तर वडीच्या साबणाचा नऊ-दहा. रोज दोन-तीनदा असा साबण लावला की त्वचेवरचे संरक्षक कवच दुबळे होते.

आणि रंग रात्रभर राहिला तर? त्वचेच्या छिद्रांतून तेल सतत पाझरत असते. ते तेल, मेलेल्या पेशी आणि वरचा थर यांनी छिद्रे बुजतात आणि पुरळ उठते. सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या अशा पुरळाला अमेरिकेतील क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी 1972 मध्ये वेगळे नावच दिले होते. म्हणजे हा काही एकट्या तंजावूरच्या मुलीचा भोग नव्हता.

"मग आजीचं तेल बरोबर की चूक?" मुलीने विचारले.

डॉक्टर हसल्या. "निम्मं बरोबर. तेलानं रंग काढणं बरोबर. तेल चेहऱ्यावर ठेवून झोपणं चूक. शिवाय तुझ्यासारख्या तेलकट, पुरळ येणाऱ्या त्वचेला खोबरेल मानवत नाही, ते छिद्रं बुजवतं. आजींच्या कोरड्या त्वचेला कदाचित चालेलही."

त्यांनी पुरळावर रात्री लावायचे औषध लिहून दिले आणि बजावले, की नुसत्या चेहरा धुण्याने उठलेले फोड बरे होत नाहीत. नवे उठू नयेत एवढेच धुण्याचे काम. मग रंग काढण्याची रीत सांगितली. ती दोन पायऱ्यांची होती. पहिल्यांदा तेलकट काहीतरी, जे रंग सोडवील. मग सौम्य, पाण्याने धुतले जाणारे काहीतरी, जे ते तेल आणि सुटलेला रंग दोन्ही घेऊन जाईल.

घरी आल्यावर आईने हे आजीला समजावून सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर आजी म्हणाली, "यात नवीन ते काय? दिवाळीला आपण काय करतो?"

खरेच होते. दिवाळीच्या पहाटे या घरात तिळाचे तेल अंगाला चोळतात आणि मग शिकेकाई व उटण्याने ते काढतात. मळ तेलात सुटतो आणि तेल शिकेकाईबरोबर जाते. महाराष्ट्रातले अभ्यंगस्नान असो की तमिळ घरातले दीपावलीचे तेलस्नान, तेल अंगावर ठेवून कुणी नवे कपडे घालत नाही. आजी दुसरी पायरी जाणत होती, चेहऱ्याच्या बाबतीत तेवढी विसरली होती. सुनेनेही कबूल केले, की तिने आणलेल्या फेसवॉशमध्ये पहिली पायरी नव्हती. दोघींचे भांडण तिथेच मिटले.

आता प्रश्न उरला निवडीचा. बाजारात नावे पुष्कळ, पण कामाच्या दृष्टीने प्रकार मोजकेच. क्लिन्झिंग ऑइल किंवा बाममध्ये तेलाबरोबर असा घटक असतो, की पाणी लागताच त्याचे दूध होते आणि ते धुऊन जाते. रंगमंचाच्या जाड मेकअपला हा प्रकार उत्तम. कोल्ड क्रीम हा जुना उपाय. दुसऱ्या शतकातला रोमन साम्राज्यातला वैद्य गेलन याच्या नावाने मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी यांची कृती सांगितली जाते; नाटकवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या तेच वापरले. ते रंग छान काढते, पण मागे तेलकटपणा ठेवते, म्हणून नंतर चेहरा धुणे आलेच. क्लिन्झिंग मिल्क रोजच्या हलक्या मेकअपला आणि कोरड्या त्वचेला ठीक. मायसेलर वॉटर दिसते पाण्यासारखे, पण त्यात मेद पकडणारे सूक्ष्म कण असतात. कॉलेजला जाताना लावलेले काजळ-पावडर त्याने सहज निघते, पॅनकेकपुढे मात्र कापसाचे बोळेच्या बोळे संपतात.

मुलीने डॉक्टरांना फोनवर विचारले, "महागाचं बाम परवडलं नाही तर?" त्यांनी सांगितले, औषधाच्या दुकानात मिळणारे शुद्ध लिक्विड पॅराफिन किंवा बिनवासाचे साधे बेबी ऑइलसुद्धा रंग सोडवते आणि बहुतेकांची छिद्रे बुजवत नाही. फक्त ते पाण्याने धुतले जात नाही. आधी मऊ कापडाने टिपून घ्यायचे आणि मग फेसवॉश. हे ऐकून आईने निःश्वास सोडला. न्हाणीघराच्या फळीवर गेलेला पैसा तिला आठवला असावा.

तरीही आपल्या त्वचेला काय मानवेल, हे दुकानदार सांगू शकत नाही आणि मैत्रीणही नाही. इथे आजीने एक गोष्ट सांगितली, जी या परिसरातली मुले लहानपणापासून ऐकतात. सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था काढली होती. तिथे निरनिराळ्या पद्धतींच्या औषधांचा अभ्यास होत असे आणि गुणकारी ठरलेल्या औषधांच्या कृती पुढे तमिळ पद्यांत नोंदवून ठेवल्या गेल्या. डोळ्यांच्या रोग्यांची तर चित्रे काढून उपचारांच्या नोंदी ठेवल्या होत्या. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या जपल्या आहेत. "राजा असूनसुद्धा तो नुसतं ऐकून विश्वास ठेवत नव्हता," आजी म्हणाली. "तूही लिहून ठेव."

मुलीने शाळेची एक जुनी वही घेतली. कोणती वस्तू, कधी लावली, सकाळी चेहरा कसा होता, असे तीन रकाने आखले. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहायची. खाज किंवा लाली आली तर तिथेच थांबायचे. एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा ते कळत नाही. सुवासिक वस्तू तिने पहिल्याच पानावर बाद केल्या, कारण डोळ्यांना झोंबत होत्या.

वहीतून तिची रीत ठरत गेली. हात आणि चेहरा दोन्ही कोरडे असतानाच चमचाभर तेल घ्यायचे, कारण ओल्या चेहऱ्यावर ते रंगापर्यंत पोहोचत नाही. बोटांच्या टोकांनी मिनिटभर हलकेच फिरवायचे; नाकाच्या कडा, भुवया आणि केसांची कपाळावरची रेघ विसरायची नाही. डोळ्यांवर तेलाचा कापूस पंधरा-वीस सेकंद नुसता ठेवायचा, म्हणजे काजळ आपोआप सुटते. मग बाहेरच्या बाजूला एकदाच पुसायचे. नंतर कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश. शेवटी पांढरा ओला कापूस गालावरून फिरवून पाहायचा. कापसावर रंग आला, तर काम अपुरे. कापूस स्वच्छ पण कातडी ताणलेली, तर फेसवॉश कडक. दोन्ही ठीक, म्हणजे वस्तू आपली. एवढी साधी परीक्षा कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी.

मेकअपचा स्पंजही तिने स्वतःचा घेतला आणि टीचरना सांगून क्लासमधल्या बाकीच्या मुलींनाही तसे करायला लावले.

सुधारणा एका रात्रीत झाली नाही. दोन महिने काही फरक जाणवेना, तेव्हा तिने वही भिरकावूनही दिली होती. आजीने ती उचलून परत फळीवर ठेवली. तिसऱ्या महिन्यात नवे फोड उठायचे कमी झाले. डाग आजही पूर्ण गेलेले नाहीत. पण क्लास सुटला नाही. एक दिवस बोलता बोलता तिचा हात गालावरून खाली आला तो आलाच, हे आईच्याही लक्षात आले.

यंदाच्या नाट्यांजलीला आजी देवळात आली होती. गुडघे दुखत असूनही दोन तास खुर्चीवर बसून राहिली. घरी परतल्यावर मुलीने नेहमीप्रमाणे तेलाची बाटली काढली, पण मग थांबली. मेकअपची पेटी उघडून ती आजीसमोर बसली.

"आजी, डोळे मीट."

"हे काय गं चाललंय? या वयात?"

"मीट म्हणते ना."

तिने आजीच्या डोळ्यांना नर्तकीसारखे लांब काजळ ओढले, भुवया कोरल्या, ओठांना लाली लावली, सुरकुतलेल्या हातांच्या बोटांना अळता लावला. आईने आरसा धरला. आजीने स्वतःकडे कितीतरी वेळ पाहिले. बोलली काहीच नाही. फक्त उजव्या हाताची बोटे हळूच उमलली, कमळाच्या मुद्रेसारखी. ती मुद्रा तिने कधी आणि कुठे पाहून ठेवली होती, हे कुणी विचारले नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज राहू दे असंच. सकाळी काढीन."

"मुळीच नाही," नात म्हणाली. "झोपण्याआधी काढायचाच."

आणि चमचाभर तेल तळहातावर घेऊन ती आजीचा चेहरा अगदी हलक्या हाताने पुसू लागली.